साहेब केसभर वाढले

पेंटरच्या बायकोनं एक पाम लावला होता आणि त्याचं नाव ठेवलं होतं साहेब. का, तर तो खुर्चीतून हलायचाच नाही! बी रुजायलाच दोन वर्षं घेतली पठ्ठ्यानं. लेक रांगायला लागली तेव्हा कुठे त्याचं पहिलं पान आलं, आणि ती लेक शिकली, मेडिकलच्या दुकानात उभी राहायला लागली, लग्न होऊन गेलीसुद्धा, तरी साहेबांचं खोड आपलं गुडघ्याएवढंच. पानं मात्र काय सांगू! निळसर, राखेचा हात फिरवल्यासारखी, माणसाच्या डोक्यावरून जाणारी. कुठल्याशा लांबच्या बेटावरचं झाड, तिथंही म्हणे आता मोजकीच उरलीत. लोक मुद्दाम बघायला यायचे, आणि पेंटर, जो दिवसभर दुकानांच्या पाट्या रंगवायचा, तो त्यांना चहा देता देता म्हणायचा, "मी अख्खी पाटी दुपारपर्यंत उडवतो. आणि हिचे साहेब बघा, एका पानाला वर्ष!"

"म्हणून तर तुमच्या पाट्या पुसल्या जातात," ती आतून ओरडायची.

घरामागची एवढीशी बाग, पण तिथं कोण येत नव्हतं? मुंगूस यायचं, वटवाघळं यायची, आणि कुंपणाखालच्या भोकातून एक साळिंदर यायचं, काटे खुळखुळवत. त्याला ती भाऊ म्हणायची, म्हणजे पेंटरचा तो मेहुणा झाला! संध्याकाळ झाली की भोकापाशी दोन रताळी ठेवायची. सकाळी दात घासताना पेंटर विचारायचा, "मेहुणे जेवून गेले का?" ती म्हणायची, "गेले. तुमच्यासारखं मीठ कमी म्हणून बोलले नाहीत."

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण सगळं त्यावरच आहे. पामाचं नवं पान मधोमध गुंडाळलेलं वर येतं, भाल्यासारखं. तिनं त्या भाल्यावर आणि शेजारच्या जुन्या पानाच्या दांड्यावर मार्करनं एकाच उंचीवर रेघ मारलेली असायची. भाला वर सरकला की त्याची रेघ दुसरीच्या वर जाते. दर रविवारी ती ते बघायची. केसभर फरक दिसला की दिवसभर गुणगुणायची. आणि पामाला वाढायची जागा एकच, त्या भाल्याच्या बुडाशी. तेवढं गेलं की संपलं. पण गंमत बघा, बाकीची पानं कित्येक महिने हिरवीगार राहतात. बघणाऱ्याला वाटतं, काय छान झाड आहे!

तर ती आजारी पडली. हॉस्पिटलला जाताना रिक्षात बसून तिनं एकच सांगितलं, "मेहुण्यांची रताळी विसरू नका." पेंटर हो म्हणाला आणि विसरला. विसरणारच ना! तो तिथल्या बाकावर झोपत होता, बिस्किटावर दिवस काढत होता, स्वतः जेवायचं विसरला होता. साळिंदरानं काही दिवस वाट बघितली असेल, मग भूक लागली, मग साहेबांकडे वळलं.

पेंटर कपडे न्यायला घरी आला तेव्हा खोडाला भिंतीकडच्या बाजूनं भलंमोठं भोक. खाली दोन काटे पडलेले. त्यानं भाला नुसता धरला, तर तो हातातच आला. बूड काळं, सडकं. पेंटर तसाच भाला धरून उभा राहिला, मग मोठ्यांदा म्हणाला, "अरे, त्यापेक्षा माझा हात खायचास!" आणि एक फरशी आणून कुंपणाखालचं भोक बंद करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, घरी न्या, जे आवडेल ते खाऊ द्या. पेंटरला समजलं.

घरी आल्या आल्या ती खिडकीजवळच्या पलंगावर पडली आणि म्हणाली, "दुर्बीण द्या." पक्षी बघायची जुनी दुर्बीण होती. पेंटरनं दिली, कारण तोवर त्यानं काम करून ठेवलं होतं! भाला परत जागेवर खोचून आतून शेजारच्या दांड्यांना वर तारेनं आवळला होता, खोडाचं भोक पुट्टी भरून रंगवलं होतं. भाला वाळायला लागला तसा तो निळ्यात हिरवा कालवून, वर राखाडी हात मारून, रोज सकाळी ती जागी व्हायच्या आत एकेक ठिपका भरायचा. चमक येऊ नये म्हणून काय काय केलं असेल त्यानं! आणि शनिवारी हळूच तार सैल करून भाला जरा वर सरकवायचा. हिनं जायचं ते साहेब वाढताना बघून जायचं, बस्स. एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

लेक माहेरी आली होती. तिनं त्याला स्टुलावर बघितलं. "बाबा, हे काय?"

"टचिंग."

"आईला कळलं तर?"

"कळायला तिला वेळ तरी..." म्हणाला आणि ब्रश थिनरमध्ये नुसता ढवळत राहिला.

दोन-तीन रविवार छान गेले. ती दुर्बीण लावायची, "वा, साहेब!" म्हणायची. तो म्हणायचा, "तूही आज ताजी दिसतेस." मग एका रविवारी तिनं दुर्बीण पोटावर ठेवली.

"अहो, जरा बसा इथं."

"औषध देऊ?"

"नको. साहेबांना प्रमोशन मिळालंय का हो? गेल्या रविवारी नखभर, आज बोटाच्या पेराएवढे. इतकी घाई त्यांनी आयुष्यात कधी केली नाही."

"खत घातलं मी."

"खताला थिनरचा वास येतो? बाहीवर हिरवा डाग आहे."

पेंटरनं बाही झाकली. मग विचारलं, "केव्हा कळलं?"

"पहिल्याच रविवारी. तो इवलासा शिंजीर पक्षी रोज त्या टोकावर येऊन बसतो. तो नुसता घिरट्या घालून गेला, बसेना. म्हटलं, आमच्या पेंटरांनी हात मारला."

आणि मग पेंटर रडला. साठी उलटलेला माणूस, पलंगाच्या कडेला डोकं ठेवून. "मी रताळी विसरलो गं. तू एकच सांगितलं होतंस."

"तुम्ही त्या बाकावर झोपत होतात," ती म्हणाली. "मी खाटेवरून बघत होते की."

"मग पहिल्याच रविवारी बोलली का नाहीस?"

"तुम्ही रोज मला ताजी दिसतेस म्हणता. मी काही बोलले?"

ती बराच वेळ त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. मग दम खात खात म्हणाली, "रंग मात्र झकास जमलाय. आणि ती फरशी काढा आज. भूक लागली त्याला, त्याचं काय चुकलं? दुसरं, साहेबांना वाढवायचंच असेल तर नीट वाढवा. केसभर. लोक बघायला येतात, माझी अब्रू आहे त्यात."

तो हसला, रडता रडता. फरशी त्यानं त्याच दिवशी काढली.

पुढचा रविवार काही तिला मिळाला नाही. घर नातेवाइकांनी भरलं होतं, कुणी चहा करत होतं, कुणी पेंटर कुठे म्हणून शोधत होतं. लेकीला माहीत होतं. ती आईच्या रिकाम्या पलंगावर बसली आणि दुर्बीण डोळ्यांना लावली. बाबा स्टुलावर उभे. त्यांनी तार सैल केली, भाला दोन बोटांत धरला, श्वास रोखला, पुन्हा तार आवळली.

"बाबा," ती खिडकीतून म्हणाली, "हललाच नाही."

"हललाय," पेंटर म्हणाला. मग सावकाश स्टुलावरून उतरला आणि खिशातली दोन रताळी भोकापाशी ठेवायला गेला.