न वाचलेले तीन शब्द

शिवणकाम करणाऱ्या बाईंचं वय एकोणपन्नास, तब्येत ठणठणीत, आणि तरीही त्या दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर स्मरणशक्तीची चाचणी द्यायला आल्या होत्या. चाचणी दरवर्षी व्हायची, आणि मुद्दाम धडधाकट माणसांचीच. विसरायला लागण्याच्या आधी काही खूण सापडते का, ते डॉक्टरांना बघायचं होतं.

बाईंनी नाव नोंदवलं ते थोरल्या बहिणीमुळे. अक्काने पंचावन्नाव्या वर्षी एका शर्टाला दोन्ही डाव्याच बाह्या लावल्या, तेव्हा घरातले सगळे पोट धरून हसले होते. आता अक्का कात्री हातात घेऊन विचारते, हिचं काय करायचं? आपलंही तसंच होणार का, एवढंच बाईंना जाणून घ्यायचं होतं.

नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. परीक्षा म्हटली की पास व्हायचं, यापलीकडे त्याच्या डोक्यात काही शिरत नसे. गेल्या वर्षी बाईंनी घरी येऊन चाचणीतले शब्द, तिथे निसटलेले चार वाटेत आठवले तेही धरून, हौसेने म्हणून दाखवले, आणि त्याने ते सगळेच्या सगळे उतरवून ठेवले. यंदा महिनाभर आधीपासून घोकंपट्टी सुरू.

"पुन्हा! पहिल्यापासून!"

"अहो, दूध उतू जातंय."

"जाऊ दे. 'पायरी'नंतर काय?"

"तुमचं डोकं!"

"शिडी! लक्ष कुठंय तुझं?"

यादी बदललेली असेल, अशी बाईंनी मनाची समजूत घातली होती.

आतल्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि चौकटी आखलेला कागद. चाचणी घेणारी मुलगी पंचविशीची.

"काकू, मी पंधरा शब्द वाचते. वाचून झाले की आठवतील तेवढे सांगा." तिने सुरुवात केली. "वाघ. कंदील. साखर."

तीच यादी! बाईंचे कान गरम झाले. मुलगी सावकाश वाचत 'पायरी'पर्यंत आली आणि तिला शिंक आली. मग दुसरी. मग तिसरी. ती रुमाल शोधू लागली. यादी संपली असं समजून बाईंनी एका दमात पंधराच्या पंधरा शब्द म्हणून टाकले.

मुलगी रुमालाआडून बघत राहिली.

"काकू, शिडी, मध आणि खिडकी मी अजून वाचलेच नव्हते."

बाईंना हसूही आलं आणि घामही फुटला. "नवऱ्याने पाठ करून घेतले हो. बाहेरच बसलेत. रागवायचं असेल तर बोलावते."

मुलगी रागावली नाही. "आम्ही यादी तीच ठेवतो, म्हणजे दोन वर्षं ताडून बघता येतात," एवढंच म्हणाली आणि तिने कागदावर आडवी रेघ मारली. "माझ्याकडे दुसरी यादी आहे. नको असेल तर यंदाचं सोडून देऊ."

सोडून देणं सोपं होतं. बाहेर जाऊन पंधरा सांगितलं असतं तर नवरा खूश झाला असता. बाईंनी पदराने कपाळ पुसलं.

"वाचा."

नवे शब्द भराभर आले आणि निसटले. नऊ सांगता आले. दहावा जिभेवर आला आणि तिथेच बसला.

"गेल्या वर्षी अकरा होते ना?" बाईंनी विचारलं.

"हो. पण पाठ केलेले शब्द मधे लुडबुडतात. आजच्या नऊवरून काही सांगता येणार नाही. पुढच्या वर्षी कोऱ्या मनाने या."

नवरा दाराशीच उभा होता. "पंधरा ना?"

"नऊ."

"एवढं घोकून?"

"घोकलं म्हणूनच. आता वर्षभर काही कळायचं नाही. तुमची कृपा!"

तो मटकन बाकावर बसला. "मला वाटलं, तू पास झालीस की अक्कासारखं..."

बाई शेजारी टेकल्या. महिनाभर त्याचा आवाज एवढा का चढलेला असायचा, ते आत्ता त्यांना उमगलं.

"तिथे पास-नापास नसतं हो," त्या म्हणाल्या.

त्याने मान डोलावली. मग हळूच विचारलं, "कोणते नऊ?"

"ते नाही सांगायची," बाई म्हणाल्या आणि जिन्याकडे निघाल्या.