गोणपाटाची जागा

सकाळीच जागृतीचा फोन आला. बोळिंजच्या बाजारात ती माझ्या शेजारी भाजी घेऊन बसते. मी जर्मनीला अल्पेशकडे आल्यापासून माझ्या जागेवर ती रोज माझं गोणपाट अंथरते आणि कडेला वीट ठेवते.

"काकी, ती नालासोपाऱ्याची बाय परत आली. टोपली घेऊन दुपारपर्यंत उभी असते, तुज्या जागेवर डोळा. मी बसू देत नाय. पन तू येनार का नाय ते सांग. लोक आता मला बोलतात."

"येणार म्हणजे काय! कोणाला बसू देऊ नकोस," मी म्हणाले.

ती जागा मला सासूबाईंनी दिली. लग्न झालं त्या वर्षापासून मी तिथं बसले. वाडी विकल्यावर दुसऱ्याची भाजी आणून बसले, पण बसले.

अल्पेश ऐकत होता. "आई, गुडघे बघ तुझे. तिथं एकटी काय करणार? राहा ना इथेच." मग मला बरं वाटावं म्हणून तो मला शनिवारच्या बाजारात घेऊन गेला.

चर्चपुढच्या चौकात टेबलं मांडलेली. भाजी चांगली होती, खोटं कशाला बोलू. गाजरं पाल्यासकट, माती झटकलेली. पण ओरडणारं कोणी नाही. बाजार की हॉस्पिटल! मी एक टोमॅटो दाबून बघितला तर अल्पेशने माझा हात धरला.

"इथे हात लावत नाहीत, आई. सांगायचं, ते देतात."

"आणि किडका दिला तर?"

"देत नाहीत."

मग बोलायचं तरी काय? ना भाव करायचा, ना भांडायचं. चालून चालून पाय भरून आले. एका टेबलामागे पालथा क्रेट दिसला, त्यावर जाऊन बसले.

"आई! ती विकणाऱ्यांची बाजू आहे!"

"मग? जन्मभर मी कुठल्या बाजूला बसले?"

तो लाजून बटाटे बघायला लागला. मला बरं वाटलं. समोर नुसत्या पिशव्या आणि बूट. बोळिंजला मी गिऱ्हाईक चपलांवरून ओळखायची, मान वर करावी लागायची नाही.

भाजीवाली माझ्याच वयाची. माझ्याकडे बघून हसली. वजन करायची, टेबलाला कंबर टेकायची, या पायावरून त्या पायावर भार टाकायची. घोटे सुजलेले. मध्येच तिने क्रेटकडे बघितलं आणि पुन्हा हसली.

मला जरा उशिराच कळलं. मी उठले. ती लगेच बसली आणि तिने डोळे मिटले.

परतताना वाटेतच मी अल्पेशला फोन लावायला सांगितला. जागृती घरी पोचली होती.

"त्या बाईला बसू दे," मी म्हणाले.

"कोनाला? तिला? सकाळी तर..."

"गोणपाटावरच बसव. खाली फरशी तापते."

"आनि तू आलीस की?"

"आले की बघू."

"काकी, एकदा बसली की ती उठनार नाय हां."

"माहितेय गं. मी तरी कुठे उठले होते?"

अल्पेशने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "म्हणजे राहतेस?" लहानपणी विचारायचा तसं विचारलं.

मी त्याचा दंड धरला. घर अजून लांब होतं.