दुपारी दोनचा नळ

मी संशयी माणूस आहे आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. पाणीखात्यात तेरा वर्षं कारकुनी केली की माणूस आपोआप तसा होतो. कुणी 'नळाला थेंब नाही' असा अर्ज घेऊन आला की मी आधी त्याच्या धोतराकडे बघतो. ते पांढरंशुभ्र असेल तर अर्ज बाजूला ठेवतो.

ही गोष्ट एकसष्ट सालच्या एप्रिलमधली. मुंबईची एक मोठी कंपनी वऱ्हाडात कृत्रिम रेशमाचा कारखाना काढणार होती. दोन हजार माणसांना काम मिळणार होतं. जागा दोनच विचारात होत्या, आमची अमरावती नाहीतर अकोला. अकोला मेन लाइनवर. आम्ही फाट्यावर. मुंबईहून येणारी गाडी बडनेऱ्याला थांबते, तिथून गाडी बदलून शटलनं अमरावतीला यायचं. लाइन टाकताना इंग्रजांना अकोलेकरांनीच काहीतरी पाजलं असणार, असं आमच्या गावात अजूनही मानतात. मीही मानतो.

त्यात राज्य बदललेलं. पूर्वी सरकार नागपुरात होतं. सकाळी कागद घेऊन निघालेला माणूस रात्री घरी जेवायला येई. आता प्रत्येक कागद मुंबईला जायचा आणि तिथे वऱ्हाडच्या माणसाला कोण विचारतो! तेव्हा जे काही करायचं ते आपणच केलं पाहिजे, असं म्हणून, पाणीखात्यातही ज्यांचा शब्द चाले त्या मोरोपंत वकिलांनी 'कारखाना आणा समिती' काढली. पुढच्या वर्षी निवडणूक होती आणि मोरोपंतांचा तिकिटावर डोळा होता, हे मी ओळखून होतो. पण कारखाना मलाही हवा होता. माझा धाकटा भाऊ बी.एस्सी. होऊन दोन वर्षं घरी बसला होता.

रेशमाला पाणी फार लागतं. म्हणून कंपनीचे इंजिनिअर पाणी बघायला येणार होते, गुरुवारी दुपारी दोनला, राजापेठेत. आणि राजापेठेत पाणी येतं सकाळी सहा ते सात. एप्रिलात तर वडाळीच्या तलावाचा तळ दिसायला लागतो.

आठवडाभर आधी मोरोपंतांनी मला बंगल्यावर बोलावलं. म्हणाले, "कमलाकांत, दोन वाजता राजापेठेतला नळ धो धो वाहिला पाहिजे. बाकीच्या पेठा बंद ठेवा. वर तोंडी सांगून ठेवलंय मी, कारण न सांगता. पण ही गोष्ट चार माणसांच्या पलीकडे गेली तर बघा."

चार माणसं म्हणजे ते स्वतः, समितीचे चिटणीस सूर्यभानजी, मी आणि चाव्या फिरवणारा बुधाजी.

बुधाजी भातकुलीकडचा. नऊ वर्षं गावाचे व्हॉल्व्ह उघडत-बंद करत होता आणि नऊ वर्षं टेम्पररीच होता. त्याच्या पर्मनंटचा कागद वर गेला होता, जूनमध्ये हुकूम यायचा होता. छप्पन साली त्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्याआधी तो मला 'मायबाप' म्हणायचा, नंतर नुसतं 'बाबू' म्हणायला लागला. मी त्यावर कधी काही बोललो नाही. पण मनात टिपून ठेवलं होतं.

गुरुवारी मी स्वतः टाकीवर जाऊन बुधाजीच्या डोक्यावर उभा राहिलो. त्यानं एकेक पेठ बंद केली आणि राजापेठेची चावी पुरी उघडली. अडीचच्या सुमाराला सूर्यभानजी सायकल हाणत आले. नळ असा सुटला होता म्हणे, की इंजिनिअरसाहेबांची पॅन्ट भिजली! साहेबांनी ओंजळीत पाणी घेतलं, मान हलवली आणि तसेच अकोल्याला गेले. मी खुशीत येऊन बुधाजीला म्हणालो, "आता तू पर्मनंटच समज."

बाराव्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. मोरोपंतांनी ते मला वाचून दाखवलं. 'पाहणीच्या वेळी आपल्या शहरात खास आमच्यासाठी पाणी सोडण्यात आले होते, असे आमच्या ध्यानात आले आहे. सबब आपल्या जागेचा विचार करता येत नाही.'

"कुठेतरी पाणी मुरतंय," मोरोपंत म्हणाले. "हे फोडलं कुणी? मी नाही. सूर्यभान नाही. तुम्ही आहात का?"

"छे!" मी म्हणालो.

"मग राहिलं कोण?"

बुधाजीची मुलगी ललिता अकोल्याला दिलेली. आणि पाहणीच्या आधीच्या रविवारी बुधाजी अकोल्याला जाऊन आला होता. त्या रविवारच्या रजेचा त्याचा अर्ज माझ्याच फायलीत होता. तो मी काढून मोरोपंतांपुढे ठेवला. मला तो कुणी मागितला नव्हता, हे इथेच सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी बुधाजीला चौकशी होईपर्यंत कामावरून थांबवलं. मीच त्याला सांगितलं. तो चाव्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "मी काहून सांगीन, बाबू? मले काय भेटनार हाये त्यातून?"

"ते चौकशीत कळेल," मी म्हणालो.

चौकशी माझ्याकडेच आली. सोमवारी रिपोर्ट द्यायचा होता. बुधाजीनं फोडलं असं निघालं तर पर्मनंट सोडाच, असलेलं कामही जाणार होतं. नऊ वर्षं पाण्यात.

शनिवारी मी अकोल्याला निघालो. शटलनं बडनेरा, तिथून पॅसेंजर. समोर बसलेला टोपीवाला मूर्तिजापूरपर्यंत माझ्या पिशवीकडे बघत होता, म्हणून मी पिशवी मांडीवर घेतली. अकोल्यात आधी ललिताच्या घरासमोरच्या चहाच्या हॉटेलात बसलो आणि मालकाशी इकडचं तिकडचं बोलून खडा टाकला. तो म्हणाला, "बुधाजीबुवा ना? आलते की. नातू झाला त्यायले. मलेबी पेढा देल्ला. संध्याकाळच्या गाडीनं गेले वापस."

नातवाचे पेढे वाटायला आलेला माणूस आणखी कुणाला भेटलाच नसेल कशावरून? मी उठलो आणि चंद्रभानकडे गेलो.

चंद्रभान म्हणजे अकोल्याचा माझ्यासारखाच, पाण्याचा कारकून. नागपूरला आम्ही एकाच खोलीत राहून ट्रेनिंग केलं होतं. मला दारात बघताच त्यानं टेबलावरची फाइल मिटली आणि तिच्यावर कोपर ठेवलं.

"काहून आला बे? आता काय पाहाले धाडलं तुले?"

"सहज आलो."

"अमरावतीचा मानूस अकोल्याले सहज येत नसते." त्यानं चहा मागवला, पण कोपर हलवलं नाही. "तुमच्या समितीनं मुंबईले काय लिहून धाडलं, ठाव हाये आमाले. अकोल्याचं पानी खारं, अकोल्यात वीज नाई. लिहिलं का नाई?"

तो मजकूर माझ्याच अक्षरात गेला होता.

"लाजू नोको," चंद्रभान म्हणाला. "आमच्या समितीनंबी लिहिलं. अमरावतीले मेन लाइन नाई, तलाव आटला, मानसं भांडखोर. दोन्ही कागद एकाच फायलीत लागले, एकाखाली एक. तो इंजिनिअर इथं जेवाले होता आमच्याकडे. हासत होता. म्हने, वऱ्हाडात काय कमी हाये ते शोधाले आमाले यायची गरजच नोहोती, तुमीच सारं लिहून देल्लं."

"म्हणजे कारखाना अकोल्यालाही नाही?"

"कल्याणकडे चालला. तिथं वीज हाये, बंदर जवळ हाये, मंत्री जवळ हाये. आपन बसू एकमेकायचे पाय ओढत."

मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर अकोल्यालाही मिळाला नाही हे ऐकून आधी बरंच वाटलं. मग मी विचारलं, "आमचं पाणी सोडल्याचं त्याला सांगितलं कुणी? बुधाजी नावाचा कुणी भेटला होता का इथे?"

"कोन बुधाजी?" चंद्रभान हसायला लागला. "अरे, सांगाले कायले पाह्यजे कोनी! नळ सुटला अन् साऱ्या गल्लीतून बाया बोंबलत निंगाल्या, 'नळ आले! नळ आले वं!' घागरी, बादल्या, परातीसुद्धा. इंजिनिअर म्हने, ज्या गावात नळाले बाराही मह्यने पानी असते, त्या गावात नळ आले म्हून कोनी वरडते का?"

मला हसू आलं नाही. आमच्या गावात नळ सुटला की पहिल्या बाईनं हाळी द्यायची, आळीला उठवायचं, ही रीतच आहे. हाळी दिली नाही तर ती बाई आपमतलबी ठरते. चार माणसांनी एवढा बंदोबस्त केला आणि ही गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नाही.

"अन् त्यातली एक बाई तं कमालच होती," चंद्रभान सांगत होता. "शिंप्याच्या दुकानाबाजूच्या घरची. तिनं आधीच दाराबाहेर भांडी मांडून ठेवली होती. यानं बाकीच्यायची नजर चुकवून इचारलं, बाई, तुमाले कसं ठाऊक? तं म्हने, आमचे हे पाणीखात्यातच आहेत ना, कालच म्हणाले, उद्या दोनला नळ येतील."

शिंप्याच्या दुकानाबाजूचं घर माझं आहे.

बुधवारी जेवताना मी गोदावरीला म्हणालो होतो, "उद्या दोनला पाणी येईल, भांडी घासून ठेव." बस, एवढंच. बायकोला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं, असं माझ्या मनातही आलं नव्हतं. म्हणून तर मोरोपंतांपुढे मी इतक्या ठणठणीतपणे 'छे' म्हणालो.

परतीच्या गाडीत मी खूप विचार केला. चंद्रभानला ते घर कुणाचं हे माहीत नव्हतं. इंजिनिअर आता कल्याणला. गोदावरीला आपण काय केलं याचा पत्ताच नव्हता. रिपोर्टात 'बुधाजी सदर रविवारी अकोल्यास गेला होता' एवढं एक खरं वाक्य लिहिलं असतं तरी पुरे होतं. मूर्तिजापूर येईपर्यंत मी ते वाक्य मनात दोनदा नीट जुळवलंसुद्धा. बडनेऱ्याला शटलची वाट बघताना मात्र त्या पेढ्यांची आठवण आली आणि माझी मलाच किळस वाटली.

रविवारी सकाळी मी बुधाजीच्या घरी गेलो. नऊ वर्षांत पहिल्यांदा. त्याची बायको जाईबाई भाजीची टोपली भरत होती. मला बघून ती आत गेली. बुधाजीनं बाज झटकून दिली. मी बसलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. बुधवारचं जेवण, गोदावरी, दारातली भांडी, सगळं.

बुधाजी ऐकत होता, पण चकित झाला नाही.

"ठाव हाये मले," तो म्हणाला. "जाई तवा तुमच्याच गल्लीत भाजी इकून राहिली होती. तुमच्या बाईंचं बोलनं तिनं सोताच्या कानानं आयकलं. त्याच संध्याकाळी सांगतलं मले."

"मग बोलला का नाहीस? तुझी नोकरी जात होती!"

"कोनापुढं बोलू? बाबूच्या बाईचं नाव घेतलं असतं तं सारे म्हनले असते, सोताले वाचवाले बामनाच्या बाईवर आळ घालून राहिला. तुमी काय म्हनले असते, सांगा."

मी तेच म्हणालो असतो. दोघांनाही ते माहीत होतं.

"अन् तुमी मले इचारलंच कुटं?" त्याचा आवाज चढला नाही. "इथून माहं घर मैलभर. तुमी अकोल्याले गेले."

नऊ वर्षं या माणसानं एकही चावी चुकीची फिरवली नव्हती आणि मी त्याच्या नातवाच्या पेढ्यांत पुरावा शोधत बसलो होतो. मी पिशवीतून कागद काढला आणि बाजेवर बसूनच लिहिलं की बुधाजी निर्दोष आहे, बातमी माझ्याच तोंडून माझ्या घरी आणि तिथून बाहेर गेली, जबाबदारी माझी. खाली सही केली. मोरोपंत काय करतील याची भीती वाटत होती, पण लिहून झाल्यावर छाती जरा हलकी झाली. बुधाजीनं पाठ थोपटावी असं नाही, पण निदान 'बरं झालं बाबू' एवढं तरी म्हणेल, अशी माझी अपेक्षा होती.

त्यानं कागद घेतला. एकेका शब्दावर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचला. मग परत माझ्यापुढे धरला.

"तारीख टाका."

मी तारीख टाकली आणि कागद घ्यायला हात पुढे केला. त्यानं तो दिला नाही.

"हा माह्यापाशी राहू द्या. वकीलसायबासाठी दुसरा लिहा."

"अरे, मी उद्या सकाळी हाच नेऊन देतो. माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

"नाई, बाबू," बुधाजी म्हणाला. "रातभरात मानसाचं मन बदलते. कालच्या गाडीत तुमचंबी बदललं असन एखाद्या टेसनावर."

मला राग यायला हवा होता. संशय घ्यायचा तो मी, लोकांनी माझ्यावर नाही, अशी माझी आजवरची रीत. पण त्या वेळी मूर्तिजापूरचं ते वाक्य मला शब्दन् शब्द आठवत होतं. मी पिशवीतून दुसरा कागद काढला आणि पहिल्यापासून लिहायला लागलो.