पाच अक्षरं

बाबांना जाऊन सहा दिवस झाले होते, आणि सुनीती नेहमीसारखी पावणेसातला त्यांच्या जोड्यांना पॉलिश करायला बसली होती.

"सुतकात कसलं गं पॉलिश?" पुण्याहून आलेले श्यामरावकाका म्हणाले. "आणि आधी ती चौकट उतरव. इथं बेहाला भागात पोलिसांच्या घरोघर झडत्या चालल्यात. नक्षलवादी पोरं चीनच्या नावानं भिंती रंगवताहेत, आणि आपल्या घरात चिनी अक्षरं!"

जोड्यांच्या मांडणीवर काचेच्या चौकटीत पाच काळी अक्षरं होती. बाबांचे जोडे शिवणाऱ्या, बेंटिंक स्ट्रीटवरच्या चिनी कारागीर लिऊंनी ती लिहून दिली होती. सवय निसर्गासारखी होऊन जाते, असा अर्थ. कन्फ्यूशियसचं वचन म्हणून सांगतात. त्याआधीची ओळ अशी की, बालपणी मुरतं ते उपजतच वाटतं. लिऊंच्या वडिलांनी मुलाच्या हाती आरी देण्याआधी हेच गिरवून घेतलं होतं. बासष्टच्या युद्धात शेजारी चौकट काढा म्हणाले, तेव्हा बाबांनी ती पुसून पुन्हा लावली आणि शाळकरी सुनीतीला पॉलिशचा ब्रश दिला. पॉलिश झालं की ती काळ्या बोटानं हवेत ती अक्षरं गिरवायची. बाबा हसायचे.

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. दादाचं तेच," काका म्हणाले.

"इथं मेल्यावरही गेली नाही, काका."

काकांनी स्टूल ओढलं, तोच दार वाजलं. इन्स्पेक्टर आणि दोन शिपाई. कपाटं उघडली, पुस्तकं जमिनीवर आली. इन्स्पेक्टर चौकटीपाशी थांबला.

"रद्दी आहे साहेब, काढतच होतो," काका घाईनं हिंदीत म्हणाले.

"रद्दी नाही," सुनीती म्हणाली. "माझ्या वडिलांची आहे." तिनं अर्थ सांगितला.

"लिहून कुणी दिलं?"

"अर्थ हवा तितक्या वेळा सांगेन. नाव नाही सांगणार."

काकांनी डोळे मिटले. इन्स्पेक्टरनं तिच्या काळ्या बोटांकडे पाहिलं, बाबांच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं. मग चौकट काखोटीला मारून तो निघून गेला.

"सुटलीस," काका म्हणाले. "गेली ती पीडा."

सुनीतीनं उरलेला जोडा पुरा केला आणि दोन्ही मांडणीवर ठेवले. भिंतीवर चौकटीएवढा पांढरा चौकोन उरला होता. तिनं पॉलिशच्या डबीत बोट बुडवलं आणि उभ्या उभ्या, एकदाही न थांबता, पाचही अक्षरं भिंतीवर काढली.

"अगं, ते पुन्हा आले तर?"

"येऊ देत," ती बोट पुसत म्हणाली. "भिंत काही काखोटीला मारता येत नाही."