दरीतलं तेज कुणाचं?

अख्खी वाडी कड्याच्या टोकाला एकमेकांना चिकटून बसली होती. सगळ्यांच्या पुढं धुकेबाबा. पाठीमागून सूर्य वर आला. समोर कोकणाकडची दरी धुक्यानं काठोकाठ भरलेली. त्या पांढऱ्या धुक्यातून हळूहळू एक काळी, डोंगराएवढी आकृती उठली. तिच्या डोक्याभोवती सप्तरंगी कडं!

"बगा! ह्यो मी!" बाबा गरजला. "शरीर हितं, आत्मा तितं! तेज कुनाचं?"

"तुमचंच, बाबा!"

जुन्नरचा फोटोवाला चांगदेव शहारला. बाबानं त्याला कॅलेंडरच्या फोटोसाठी बोलावलं होतं. गर्दीत कॅमेऱ्याची तिपाई मावेना, म्हणून तो बाजूला एकटाच, खडक बदलत पटापट बटण दाबत होता.

मग बाबानं जयाला उठवलं. जयाची सासू लंकाबाई तापानं फणफणलेली, डोळे हळदीसारखे पिवळे. दवाखान्यात न्या, म्हणून जया विनवत होती. बाबा म्हणे, रोग घरातच हाय. त्यानं जयाला लांब एकटं उभं केलं.

"हिच्या सावलीला तेज हाय का रं?"

"न्हाई!"

"मला दिसतंय की," जया चाचरली. "माज्याच डोक्याभवती."

"ऐकलं? ही न्हाई, हिच्यातली चेटकीण बोलतीया! अवसंला परत बघू. तेज न्हाई दिसलं, तर हिला वाडीभाईर काढा. तवर म्हातारीला हलवाल, तर वाटंतच मरंल!"

जयाचा नवरा जानकू मान खाली घालून मातीत रेघा ओढत राहिला.

फोटो धुऊन आले आणि चांगदेवला घाम फुटला. त्यात बाबाचं तेज कुठंच नव्हतं. कडं होतं ते कोपरं वर केलेल्या, पुढं तिपाई धरलेल्या एका आकृतीभोवती.

"शीला, हा तर मी! मीच देव!"

आंघोळ करून त्यानं स्वतःच्या फोटोपुढं उदबत्ती लावली. त्याच्या बायकोनं, शीलानं पदर खोचला. "लग्नात नवरदेव सोडून वाढप्याचे फोटो काढून येता, आणि म्हणं देव! उठा. अहो, खडक बदलला तरी कडं तुमच्याच मागं. असला कसला देव, जो कॅमेऱ्याला चिकटून फिरतो?"

उदबत्तीचा चटका बोटाला बसला, तेव्हा चांगदेवला जयाचं बोलणं आठवलं. पोरगी खरं बोलत होती! त्यानं लुनाला किक मारली.

अवसेची पहाट. आभाळ गच्च. सूर्य नाही, कडं नाही. "हिच्या पापानं सूर्य झाकला!" बाबा घुमू लागला. जयाच्या पायाशी कपड्यांचं गाठोडं. झोपडीतून लंकाबाईचं कण्हणं येत होतं, तेही आता थांबून थांबून. अचानक धुकं कड्यावर चढलं. शेजारचा माणूस दिसेना. कुणीतरी रडायला लागलं.

मग वारा पडला. धुकं दरीत उतरलं. मागून ऊन आलं.

"चिकटू नका!" चांगदेव ओरडला. "पांगा! आता ज्याला तेज दिसतंय, त्यानं आपला हात हलवावा!"

सगळ्यांनी हात हलवले. प्रत्येकाला दिसणाऱ्या तेजवाल्या आकृतीनंही हात हलवला.

म्हातारा कुशाबा पुटपुटला, "आयला, ह्यो तर मी! पयल्या दिशीच वाटलं व्हतं. पर बाबाफुडं मीच देव कसं म्हनायचं?"

"गप रं, ह्यो मी हाय!"

"तू? तुज्या डोक्यात उवा, तेज कुठलं?"

"येड्यांनो," बाबा किंचाळला, "सगळ्यांच्यात मीच हाय!"

"मग माज्यातबी हाय का?" जयानं विचारलं.

बाबा हळूच मागं सरकला.

"पाठीशी ऊन, समोर धुकं," चांगदेव सांगू लागला. "धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. ते उजेड उलटा आपल्याच डोळ्याकडं धाडतात. म्हणून आपलं कडं आपल्यालाच दिसतं, शेजाऱ्याचं नाही. यानं तुम्हाला चिकटून बसवलं, सावल्यांचा गोळा केला, आणि तुमचंच तेज स्वतःच्या नावावर लावलं!"

जानकू उठला तो थेट झोपडीकडं पळाला. म्हातारीला घोंगडीच्या झोळीत घातलं. एक टोक त्याच्या खांद्यावर, दुसरं जयाच्या. या गडबडीत बाबा चांगदेवची लुना घेऊन पसार झाला. घाटात पेट्रोल संपलं म्हणून ती तरी परत मिळाली.

दवाखान्यात कळलं, कावीळ होती. आणखी उशीर झाला असता, तर डॉक्टरांच्या हाती काही उरलं नसतं. लंकाबाई शुद्धीवर आली तेव्हा उशाशी जया होती.

दरीतल्या त्या सप्तरंगी तेजाला इंद्रवज्र म्हणतात. पावसाळा सरताना कड्यावर जा, हौसेनं बघा. फक्त तेज कुणाचं, हे दुसऱ्याला विचारू नका. आपला हात हलवून बघा. आणि घरात कुणाला ताप असेल, तर आधी दवाखाना गाठा, कडा नंतर.