ओरिएच्या घरचं कार्ड

ओरिए गेल्याचं माझ्या नवऱ्याच्या आधी मला कळलं, आणि कळल्याबरोबर मी बाजारात उभ्या उभ्या एक गरम, तळलेलं पास्तेल खाल्लं आणि वर मोठा पेला उसाचा रस प्याले. खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला होता.

ओरिए म्हणजे तोकुजींच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या वर्गातली मुलगी. जपानातल्या यामागाताच्या डोंगरात दोघांची घरं एकाच गल्लीत. लग्न जवळजवळ ठरलंच होतं, पण ती पडली एकुलती एक. आईला सोडून ब्राझीलला येणार नाही म्हणाली, आणि हे एकटेच बोटीत बसले. चार वर्षं इथल्या लाल मातीत पर्सिमनची फळझाडं लावली आणि मग सहकारी संस्थेमार्फत बायको मागवली. इकडून फोटो गेला, तिकडून फोटो आला. ती बायको मी, फुसा, सादो बेटावरच्या कोळ्याची लेक. सांतोसच्या धक्क्यावर आम्ही बारा नवऱ्या उतरलो तेव्हा बारा नवरे फोटो हातात धरून तोंडं ताडून बघत होते. ओरिएचं हे सगळं पुराण तोकुजींनी मला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं, तेही जेवताना, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं इतक्या सहज.

तेव्हापासून बेचाळीस वर्षं दर जानेवारीत तिचं नववर्षाचं कार्ड यायचं. आमच्या पंचांगात दर वर्षाचा एक प्राणी असतो, तो स्वतःच्या हातानं काढलेला, कधी ससा, कधी वाघ, कधी मेंढी. खाली दोन ओळी. ‘यंदा बर्फ फार. तुमच्याकडे उन्हाळा असेल.’ बोट ठेवावं असं एक अक्षर त्यात नसे, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. कार्ड आलं की त्या दिवशी तोकुजी दोनदा भात मागून घ्यायचे. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

सहा वर्षांपूर्वी ओरिएचा नवरा वारला. तीन वर्षांपूर्वी आमच्या यांना गावाची आठवण येऊ लागली. आता हा योगायोग असेलही. मला वाटला नाही.

“दादाचं घर रिकामं पडलंय,” ते म्हणायचे. “पुतण्या म्हणतो, येऊन राहा. आपला पोरगा पाऊलो साओ पाउलोमध्ये लोकांचे दात उपटतोय, तो काही बाग बघणार नाही. शेजारी विकत घ्यायला तयार आहे. आपण म्हाताऱ्यांनी इथं करायचं काय?”

“गुडघे दुखतात माझे. तिकडं बर्फात मोडून पडेन.”

“तिकडं गरम पाण्याचे झरे आहेत.”

“नातवंडांना सोडून मी कुठं जायची नाही.”

“नातवंडं वर्षातून दोनदा येतात, अन् आली की फोनमध्ये तोंड घालून बसतात.”

यावर मी भांडी आपटायची. खरं सांगायचं तर जायला मीच जास्त आसुसले होते. माझी धाकटी बहीण अजून सादोवर आहे. दारात समुद्री शेवाळ वाळत घातलंय आणि आम्ही दोघी शेजारी बसून मासे साफ करतोय, हे मला इथं भाजी चिरतानासुद्धा दिसायचं. यामागाताहून गाडी आणि बोट धरून एका दिवसाची वाट. पण त्या गल्लीत, तिच्या समोर, मी राहायचं? तिनं नको म्हटलेल्या माणसाची मागवलेली बायको म्हणून? ते मला जमणार नव्हतं.

या वर्षी पुतण्यानं स्पष्टच कळवलं. नवीन वर्षाच्या आत हो किंवा नाही सांगा, नाहीतर घर पाडणार.

आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाजारातल्या टपाल कचेरीत आमच्या पेटीत एक कार्ड सापडलं. राखाडी काठाचं. आमच्यात घरात मयत झालं की वर्षअखेरीला असं कार्ड पाठवतात, म्हणजे लोक त्या घराला नववर्षाच्या शुभेच्छा पाठवत नाहीत. ओरिएच्या मुलानं कळवलं होतं, आई ऑक्टोबरात गेली. मी ते पिशवीत बटाट्यांखाली सरकवलं आणि पास्तेलच्या गाडीकडे गेले.

संध्याकाळी तोकुजी बागेत कोवळ्या फळांची विरळणी करून आले. हातापायांना हिरवा चीक लागलेला. मी म्हटलं, “जाऊ या.”

“कुठं?”

“जपानला. आणखी कुठं?”

ते पायरीवर बसलेच. “ऊन लागलं का गं तुला?”

“नको असेल तर राहू दे.”

“अगं, नको कुठं म्हणतोय मी!” असं म्हणून ते चक्क हसले. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची बॅग खाली आली. शेजाऱ्याला शब्द गेला. मी बहिणीला फोन केला. ती रडली, मग मी रडले, आणि शेवटी तिनं विचारलं, मासे साफ करता येतात का अजून. आठ दिवस मी इतकी सुखात होते की मलाच भीती वाटत होती.

कार्डाची गोष्ट फक्त माझ्याच बोटीतून आलेल्या हिसानोला सांगितली होती. एका बोटीच्या बायका आम्ही, सख्ख्या बहिणींपेक्षा जवळच्या.

“कार्ड चुलीत घाल,” ती म्हणाली. “तिकडं गेल्यावर कळेल आपोआप. मेलेल्या बाईवर काय जळतेस?”

“मी नाही जळत.”

“तर तर! धूर इथपर्यंत येतोय.”

मी तिचं ऐकणारही होते. पण रविवारी दुपारी तोकुजींनी नववर्षाची कार्डं लिहायला घेतली. वीस कार्डं त्यांनी तासाभरात उरकली. मग शाई नव्यानं घोटली, चष्मा पुसला आणि एक कार्ड समोर ओढलं. कुणाचं ते मला विचारावं लागलं नाही. येणारं वर्ष माकडाचं. पहिलं माकड जमलं नाही, दुसऱ्याची शेपूट बिघडली. तिसऱ्याच्या वेळी ते श्वास रोखून बसले होते. लग्नाआधी या माणसानं मला दोन पत्रं लिहिली होती, दोन्हीत पर्सिमनच्या झाडांची संख्या होती. मी वाकून पाहिलं. माकडाखाली लिहिलं होतं, ‘वसंतात आम्ही परत येतोय.’

तसं कार्ड दुखवट्याच्या घरी जाणं म्हणजे मोठाच अपराध, गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. ते थांबवायलाच हवं होतं. पण मी काही त्यांच्या अब्रूसाठी उठले नाही. मला त्यांचं तोंड बघायचं होतं. ती नसताना, नुसत्या माझ्याबरोबर जायला हा माणूस तयार आहे का, हे मला बेचाळीस वर्षांनी एकदा बघायचंच होतं. मी राखाडी कार्ड आणलं आणि माकडावर ठेवलं.

त्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. पाठीमागं इथल्या टपालाचा शिक्का पाहिला आणि म्हणाले, “दहा दिवस झाले याला.”

“हो.”

मला वाटलं, ओरडतील. मी तयारीतच होते, माझ्याकडेही बोलायला बेचाळीस वर्षांचं साठलेलं होतं. पण ते उठले, मोरीत जाऊन कुंचला धुतला आणि मागच्या दाराजवळच्या फोनपाशी गेले. पुतण्याशी बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. घर पाडलंस तरी चालेल, म्हणाले. आम्ही काही येत नाही.

 ते परत आले तेव्हा मी म्हटलं, “अहो, बॅगा भरल्यात. माझी बहीण वाट बघतेय.”

“आता तिकडं जाऊन काय करू फुसा? कोण आहे माझं तिथं?”

“मी असेन की!”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, दुष्टपणानं तर मुळीच नाही. पोराला समजवावं तसं म्हणाले, “तू तर इथेही आहेसच.”