शाई कोण पितंय

लाल पट्टी आज पुन्हा खाली आली होती. फार नाही, नखाच्या टोकाएवढी. दुसऱ्या कोणाच्या लक्षातही आली नसती. प्रिंटरच्या इवल्याशा पडद्यावर शेजारीशेजारी उभ्या पट्ट्या... काळी, निळी, लाल, पिवळी. त्यांतली लाल काल काळीच्या कानापर्यंत होती आणि आज खांद्याला लागत होती, हे तो पैजेवर सांगू शकला असता. पिवळीही उतरली होती. निळी मात्र साळसूदपणे जागच्या जागी. त्याने चष्मा कपाळावर ढकलला आणि डोळा पडद्याला जवळजवळ टेकवला. यंत्राच्या आत नेहमीची घरघर चालली होती, काहीतरी इकडून तिकडे सरकत होतं, थांबत होतं, पुन्हा सरकत होतं, एखादा म्हातारा उठल्याउठल्या घसा साफ करतो तसं. मग सगळं शांत झालं. स्वयंपाकघरात बायकोने डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला, तसं त्याने पटकन भिंतीवरचं बटण बंद केलं आणि खिडकीबाहेर बघत उभा राहिला.

"काय बघताय?" ती दारात येऊन म्हणाली.

"काही नाही. हवा."

"हवा दिसते होय तुम्हाला?" तिने खांद्याला पिशवी अडकवली. सकाळची ती दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला बसायची, दुपार उलटल्यावर परत यायची. "बरं, आज दुपारी प्रिंटरवाली येणार आहे दुरुस्तीला. घरात थांबा, नाहीतर जाल कुठेतरी भटकायला."

"कोणी बोलावलं तिला?"

"मीच. तुम्हीच नव्हता का म्हणालात, प्रिंटवर पट्टे येतात म्हणून?"

"ते केव्हाचं!"

"केव्हाचं का असेना. वस्तू घरात आहे तर चालती असावी." एवढं बोलून ती गेलीसुद्धा.

वस्तू चालती असावी. कोणासाठी? त्याने स्वतः उन्हाळ्याआधीपासून त्या यंत्रावर एक कागद काढलेला नव्हता. मग चालती असण्याची घाई कोणाला? त्याच्या मनात पाल चुकचुकायला एवढं पुरेसं होतं. खरं तर ती गेले कित्येक दिवस चुकचुकतच होती, आज तिने आवाज चढवला इतकंच.

त्याची उभी हयात रंगीत फोटोंच्या लॅबमध्ये गेली होती. रंग जुळवणारा माणूस. लोकांच्या सहली, वाढदिवस, लग्नं त्याच्या डोळ्यांखालून जायची आणि तो बोटांनी आकडे फिरवत राहायचा: इथे एक पॉइंट लाल काढ, तिथे अर्धा पिवळा घाल. लॅब बंद झाली, जुन्या सहकाऱ्यांनी वर्गणी काढून हा घरगुती प्रिंटर हातात दिला, आणि हसून आभार मानताना त्याला आतून असं झालं, जणू सुताराला कोणी खेळण्यातली करवत द्यावी. पण नजर काही निवृत्त झाली नव्हती. आभाळ निळं खातं, समुद्र निळं खातो. लाल आणि पिवळं मिळून खातं ते माणसाचं कातडं. लाल खाली, पिवळी खाली, निळी जागच्या जागी, याचा अर्थ शिकाऊ पोरानेही सांगितला असता. घरात कोणीतरी चेहरे छापत होतं.

आणि घरात माणसं होती दोन.

बरं, कागद? कागद तो तपासून चुकला होता. चकचकीत कागदांचं पाकीट होतं तसंच होतं, वरच्या कागदाचा दुमडलेला कोपरासुद्धा त्याच जागी. दुसरा कोणी असता तर तिथेच निश्चिंत झाला असता. मी काय मूर्ख आहे? पाकिटाला हात लावला तर पकडली जाईल हे तिला कळत नाही थोडंच! ती कागद बाहेरून आणते. दवाखान्यातून येताना आणत असणार, पिशवीत, भाजीच्या खाली... नाही, भाजीच्या खाली ओल लागेल, वर ठेवत असेल. एवढा पुढचा विचार करणारी बाई इतकी वर्षं आपल्याशेजारी बसून शांतपणे शेंगा सोलते, या विचाराने त्याला राग आला, आणि रागाच्या खाली कुठेतरी थोडं कौतुकही वाटलं.

चेहरा कोणाचा, हे त्याने स्वतःला अजून मोठ्याने विचारलं नव्हतं. विचारायची गरजच नव्हती.

मुलीच्या लग्नाच्या वेळी लॅब बंद होऊ घातली होती. शेवटच्या मालातली उत्तम कागदाची एक पेटी त्याने मालकाकडून मागून घेतली, घरी आणून कपाटावर गार जागी ठेवली. अल्बम आपण स्वतः करायचा, एकेक प्रिंट हाताने जुळवून. आणि मुलगी चार माणसांत हसत म्हणाली, "बाबा, अल्बम कोण बघतं आता? फोनमध्ये आहेत की सगळे." हसत म्हणाली, हे मान्य, तिच्या मनात काही नव्हतं, हेही मान्य... पण नव्या सोयऱ्यांपैकी कोणीतरी मान डोलावली, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "मग तुझा एकही फोटो मला कोणी दाखवायचा नाही. फोनमधलासुद्धा नाही." राग तासाभरात ओसरला होता. वाक्य मात्र जेवणाच्या टेबलाशी आणखी एक खुर्ची मांडावी तसं घरात राहिलं, आणि सगळे त्याला वळसा घालून ये-जा करू लागले. मुलगी दूर देशी गेली. आईशी तासन्‌तास बोलायची, मग फोन त्याच्याकडे. "बरे आहात ना, बाबा?" "हं." "औषध घेता ना?" "हं." एके दिवशी भांडी विसळता विसळता बायको म्हणाली, "मुलगी झाली तिला. दोघी छान आहेत." तो म्हणाला, "बरं झालं." नळ चालूच होता. प्रवास झेपेल एवढी झाली की घेऊन येऊ, असा निरोप होता. अजून झेपत नव्हता. दुसऱ्यांच्या लेकरांच्या गालांवर आयुष्यभर लाली बसवत आलेल्या माणसाला आपली नात गोरी की सावळी, तिचं नाक कोणाचं, हे माहीत नव्हतं. विचारलं तर वाक्य मागे घ्यावं लागणार होतं. आणि मागे घेतलं तर... तर काय? तर काही नाही. पण तो घेत नव्हता.

आणि ही मात्र छापून बसली. माझ्या यंत्रावर, माझ्या शाईने, मी पाय मोकळे करायला गेलो की मागच्या मागे.

तो तिच्या कपाटाशी गेला. हे तो पहिल्यांदा करत नव्हता, पण आज दुरुस्तीवाली यायच्या आत पुरावा हातात हवा होता. कपड्यांच्या घड्यांखाली त्याने तळहात सपाट सरकवला. विम्याचे कागद, एक जुनी किल्ली, सुंठीची पुडी, ती इथे कशाला ते देव जाणे. मग औषधांच्या डब्यामागे. मग शिलाई मशीनच्या खणात, जिथे गुंड्या आणि तुटके खडू. डांबरगोळ्यांचा वास हाताला लागला आणि त्याच्या काळजात धस्स झालं. इथे ठेवला असेल तर रंग उडतील! अगं, चकचकीत बाजू चकचकीत बाजूला लावून ठेवत नाहीत, मध्ये पातळ कागद घालायचा असतो, एवढं तरी शिकायचं होतंस माझ्याकडून. सापडल्यावर काय बोलायचं हे त्याने मनात तयारच ठेवलं होतं. हे काय आहे? हा असा विश्वासघात? एवढ्या वर्षांत मी तुला काय कमी केलं? भाषण असं कडक सुरू व्हायचं, आणि दर वेळी, का कोण जाणे, तिसऱ्या वाक्याला घसरायचं. बघू, दाखव इकडे. उजेडात धर. काही सापडलं नाही. त्याने घड्या होत्या तशा नीट लावल्या.

प्रिंटरवाली ठणठणीत आवाजाची मुलगी होती. आल्या आल्या पाणी मागून घेतलं, हत्यारांची पिशवी जमिनीवर पसरली.

"काका, वापरता कितपत?"

"मी वापरत नाही," तो म्हणाला, आणि आवाज खाली आणला. "पण शाई जाते."

"मग कोण वापरतं?"

"तेच तुम्ही सांगायचं."

"मी काय पोलीस आहे?" ती हसली, पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने हसू आवरलं आणि बटणं दाबायला लागली. "कळतं ना. शेवटचा प्रिंट कधी काढला ते आत नोंदलेलं असतं."

आत नोंदलेलं असतं! त्याने खुर्ची ओढून घेतली. आता तारीख निघेल. कालची? परवाची? तो वाण्याकडे रांगेत उभा होता ती वेळ...

"उन्हाळ्याआधीचा," ती म्हणाली. "त्यानंतर एकही नाही."

"पुन्हा बघा."

"पुन्हा बघून वेगळं थोडंच दिसणार? काहीच छापलेलं नाही, काका. तुम्ही हा भिंतीवरून बंद करता का?"

"अर्थात. रोज." काम संपलं की मेन बंद, ही लॅबची शिस्त होती.

"आणि चालू कधी करता?"

"सकाळी. शाई किती उरली ते बघायला."

तिने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "अहो, तिथेच गेली शाई. भिंतीवरून वीज तोडली की याला वाटतं, आपण किती दिवस बंद होतो कोण जाणे. म्हणून चालू झाला की पहिल्यांदा तोंड धुतो, आणि धुतो तो शाईनेच. त्यात तुमची लाल-पिवळीची वाट तुंबलीय, म्हणून तीच जास्त वापरतो. तुम्ही रोज बघता, म्हणून रोज कमी होते." मग तिने यंत्र आडवं केलं आणि पोटाखालचं झाकण काढलं. आत स्पंजची जाड गादी होती, काळपट तपकिरी, ओली. "ही बघा. सगळी इथे."

तो बघत राहिला. आता हायसं वाटायला हवं होतं. बायको निर्दोष होती. घरात चोरी नव्हती, विश्वासघात नव्हता. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, पण हायसं काही वाटेना. म्हणजे कपाटात काही नव्हतंच. म्हणजे या घरात नातीचा फोटोच नव्हता. इतके दिवस घड्यांखाली हात घालताना आपण पकडायला घालत नव्हतो, हे त्याला इतकं स्वच्छ कळलं की परक्या मुलीसमोर त्याचा चेहरा गरम झाला. बायकोजवळ सगळे फोटो होते, घरात यंत्र होतं, आणि तिने एकही काढला नव्हता. तिने त्याचं ऐकलं होतं. ते अडाणी, तासाभराच्या रागाचं वाक्य तिने निमूट पाळलं होतं... कशाला पाळलंस? एरवी माझं कधी काय ऐकतेस तू? मीठ कमी घाल म्हटलं तर ऐकत नाहीस, आणि नेमकं हेच ऐकायचं होतं? फसवायचंस मला.

"काका, एखादा फोटो द्या, काढून बघते," मुलगी म्हणाली. लाल-पिवळीची तुंबलेली वाट तिने मोकळी केली होती.

त्याने फोन उघडला. गळका नळ. विजेचा मीटर. कठड्यावरचा अस्पष्ट पक्षी. औषधाची चिठ्ठी.

"माणसाचा द्या, म्हणजे रंग कळेल. घरातलं कोणी?"

"नाही."

"थांबा, माझ्या भाचीचा काढते." आणि यंत्रातून हळूहळू कपाळ आलं, मग डोळे, मग हनुवटीवर दुधाचा ओघळ असलेलं एक बिनदाती हसू. पट्टे नव्हते. "लाल जरा जास्त आहे," तो सवयीने म्हणाला. "छानच तर आलंय!" ती म्हणाली, भिंतीवरचं बटण चालूच ठेवायची तंबी दिली, पैसे घेतले आणि गेली. फोटो तिथेच राहिला.

तो फोटो हातात धरून खिडकीशी उभा होता, कोणाची कोण ती पोर, गालावर अर्धा पॉइंट लाल जास्त... एवढ्यात दारात किल्ली फिरली. आणि उभ्या जन्मात ज्याने बायकोपासून एकही वस्तू लपवली नव्हती, त्या माणसाने झटक्यात टेबलाचा खण उघडला, फोटो पातळ कागदात गुंडाळून वहीखाली सरकवला आणि खण लावला.

"झाला का दुरुस्त?" ती पिशवी ठेवत म्हणाली.

"झाला."

"काय काढून बघितलं?"

"काही नाही. असंच."

ती चपला काढता काढता थांबली. त्याच्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. "असे का उभे आहात?"

"कसा?"

"काहीतरी केल्यासारखे."

"मी काय करणार?" तो म्हणाला, आणि आपला आवाज किती खोटा येतोय हे त्यालाच ऐकू आलं. तिचे डोळे बारीक झाले. ती आत गेली, नळ सोडला, बंद केला. तो खणाजवळून हलला नाही. येईल, त्याला वाटत होतं. मी बाहेर गेलो की येईल, हात घालेल, शोधून काढेल, आणि मग विचारेल मला, हे कोणाचं लेकरू जपून ठेवलंय तुम्ही. विचार गं. एवढा संशय घे माझा. त्याने खुंटीवरची टोपी काढली, आणि आतल्या खोलीत नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं की तो जरा पाय मोकळे करून येतो, आणि त्याला बराच वेळ लागेल.